चष्मा काढून ठेवावा

‘सहभागींनी चष्मा काढून ठेवावा, काच ही चैतन्य व क्वांटम यांच्यामधील भिंत होय.’ समृद्धी-कार्यशाळेच्या हस्तपत्रकात, शुल्काच्या आकड्याच्या बरोबर वर छापलेली ही सूचना वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

द्रष्ट्याने पाहताच कण आपले वर्तन बदलतो, सबब पासबुकाकडे श्रद्धेने पाहिल्यास शिल्लक वाढते, हा सिद्धान्त मी एक वेळ पचवीन. परंतु पासबुकातले आकडे ज्यांना चष्म्यावाचून दिसतच नाहीत अशा साठीपुढील मंडळींनी, आणि गिऱ्हाईक मुख्यत्वे तेच, पाहावे तरी काय? मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवलेल्यांनी ते दाराशी तबकात ठेवावे, की त्यांना शुल्कात सूट आहे?

वास्तविक या द्रष्ट्याला डोळाच लागत नाही. १९९९ साली ६० कार्बन-अणूंचे रेणू सूक्ष्म फटींच्या जाळीतून सोडले, तेव्हा त्यांनीही लाटांप्रमाणे व्यतिकरणाचे पट्टे उमटवले. पुढे २००४ साली ७० अणूंचे तसेच रेणू लेसरने तापवले, तेव्हा त्यांनी स्वतःच फेकलेला प्रकाश त्यांचा ठावठिकाणा फोडू लागला आणि पट्टे पुसट होत नाहीसे झाले. तो प्रकाश कोणी पाहिला? कोणीही नाही, तो निसटला, एवढी साक्ष पुरली. चेतनेला मध्ये आणणारे भाष्यकार होऊन गेले, नाही असे नाही. उलट १९५७ सालच्या एका विवरणाने पाहताक्षणी अवस्था कोसळते ही कल्पनाच रद्दबातल केली. परंतु कण कोणत्या फटीत सापडावा हे इच्छेने ठरवण्याचा अखत्यार यांपैकी एकानेही द्रष्ट्याला बहाल केला नाही. शक्यतांचे प्रमाण समीकरण ठरवते. तुमची श्रद्धा नव्हे, तुमची ध्यानधारणा नव्हे, आणि तुमच्याकडून आगाऊ वसूल केलेले शुल्क तर नव्हेच नव्हे! पेन्शनीवर जगणाऱ्यांना भरदिवसा लुबाडायचे आणि पावतीवर विज्ञानाचा शिक्का मारायचा, याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.

आणि प्रकाशाचे असे पट्टे खरोखर दाखवणारे ग्रेटिंग आमच्या शाळेत आहे: कपाटात, कुलपात, डेडस्टॉक रजिस्टरात ‘नग १’. फुटल्यास पगारातून वसुली होईल या धास्तीने विज्ञानाचे मास्तर ते बाहेर काढत नाहीत. आणि दरसाल तपासणीस येणारे साहेब कुलपावर एक नजर टाकून, कपाट न उघडताच, ‘पाहिले, सुस्थितीत’ असा शेरा मारतात व चहाला जातात.