आरशांचा तंटा

ज्या गृहस्थाने आकाशस्थ गोलांच्या दर्शनासाठी घरी दुर्बीण बाळगली आहे, त्याच्या रात्री ताऱ्यांच्या सहवासात जात असतील असा जो लोकांचा समज आहे, तो दूर करणे मला माझे कर्तव्य वाटते. कारण गेल्या हिवाळ्यातल्या कित्येक रात्री मी माझ्या सहा इंची परावर्ती दुर्बिणीत जे काही पाहिले, त्यात तारा एकही नव्हता. होता तो एक डोळा, आणि तोही माझाच.

न्यूटनने 1668 साली या जातीची पहिली दुर्बीण स्वहस्ते तयार केली, तेव्हा तळाशी एक अंतर्वक्र आरसा आणि तोंडाशी पंचेचाळीस अंशांत कललेला एक छोटा सपाट आरसा, एवढाच काय तो सरंजाम होता. प्रकाश वरून तळाशी जातो, तेथून शेरा घेऊन पुन्हा वर येतो, आणि तेथे काटकोनात वळून बाजूच्या खिडकीतून नेत्रिकेत हजर होतो. सरकारी अर्जाचा प्रवास ज्याने पाहिला आहे, त्याला यात नवल वाटू नये. नवल वाटावे ते याचे, की दोन्ही आरशांचे एकमत झाल्याखेरीज तो अर्ज निकालात निघत नाही. हे एकमत घडवून आणण्यासाठी वरच्या आरशाला तीन स्क्रू, खालच्याला तीन, आणि खालच्या तिघांनी दिलेला शब्द पाळावा म्हणून जामीन राहिलेले आणखी तीन. यांतले जामीन सर्वांत बेइमान. सगळे जुळले म्हणून ते आवळावेत, तो आवळता आवळताच आरसा पुन्हा कलंडतो. विल्यम हर्शेलने 1789 साली पुऱ्या केलेल्या आपल्या चाळीस फुटी दुर्बिणीत दुसरा आरसाच काढून टाकला; प्रकाश वाया जाऊ नये म्हणून, असे ग्रंथांत लिहिले आहे. माझा तर्क वेगळा आहे.

आमच्या शेजारी भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक मोजणीदार राहतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. छायाचित्रांच्या फिल्मची रिकामी काळी डबी घेऊन तिच्या बुडाला मधोमध भोक पाडावे, ती नेत्रिकेच्या जागी बसवावी आणि त्या भोकाला डोळा लावून मोठ्या आरशाच्या मध्यावर चिकटवलेला ठिपका छोट्या आरशाच्या छायेच्या बरोबर मध्यभागी आणावा, ही रीत मी त्यांना समजावून सांगताच, ‘‘म्हणजे हद्दखुणांची रुजुवात!’’ असे म्हणून त्यांनी दिवाणखान्यात खुर्ची मांडली. तेव्हापासून मी डोळा लावून सांगायचे, आणि नळीच्या तळाशी बसून त्यांनी फिरवायचे, अशी वहिवाट पडली. ‘‘डावीकडे’’ म्हटले की कोणाच्या डावीकडे, हा वाद प्रत्येक स्क्रूमागे एकदा होई. एकदा वरचे स्क्रू पिळताना माझ्या हातून पेचकस नळीतच पडला. सुदैवाने नळी आडवी होती, म्हणून तो आरशावर न जाता पत्र्यावर आदळला. पण त्या ठणत्काराने माझे आयुष्य निदान दोन वर्षांनी घटले असावे. आतून आवाज आला, ‘‘अहो, काय फुटलं?’’ मी म्हणालो, ‘‘अजून काही नाही.’’

घरातली रुजुवात ही केवळ कच्ची नोंद. पक्की नोंद गच्चीवर, ताऱ्यासमोर करावयाची. तारा किंचित अस्पष्ट केला की त्याची कडी दिसू लागतात. ती समकेंद्री असली तर आरसे जुळले, बिघडलेल्या चकलीप्रमाणे एका अंगाला चेपली असली तर नाही. या कामाला ध्रुवासारखा तारा नाही, कारण तो जवळजवळ हलत नाही. परंतु पुण्यास तो क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश असतो, आणि त्या साडेअठरा अंशांत समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी येते. तेव्हा मृगाच्या बाणातला एक तारा धरला. तो विषुववृत्तावरचा, एकशेवीसपट वर्धनात पावणेदोन मिनिटांत क्षेत्राबाहेर पडणारा. तेवढ्या अवधीत आबांनी गुडघ्यावर बसावे, स्क्रू हुडकावा, ‘‘हाच ना?’’ म्हणून विचारावे, तोवर तारा फरारी.

याच पुण्यात एके काळी तख्तसिंहजी वेधशाळेची वीस इंची दुर्बीण होती, आणि 1912 साली वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली, हे मी विश्रांतीच्या वेळी आबांना सांगितले. ‘‘बदली झाली म्हणा की,’’ ते उसासून म्हणाले. ‘‘सुटले बिचारे. म्हणजे इथले स्क्रू फिरवणारे.’’

तिसऱ्या रात्री, एकच्या सुमारास, कडी वर्तुळाकार झाली. मी नळी शनीकडे वळवली, आणि कड्यासह तो इतका रेखीव उमटला की माझ्याच्याने काही बोलवेना. आबांना डोळा लावावयास सांगून, बायकोने भरून ठेवलेला चहाचा थर्मास आणण्यासाठी मी तीन जिने उतरलो.

परत आलो तेव्हा आबा गुडघ्यावर बसलेले. ‘‘छान दिसत होता हो,’’ ते म्हणाले, ‘‘पण हळूहळू सरकत कडेला गेला आणि नाहीसाच झाला. म्हटलं, एखादा स्क्रू ढिला राहिला असणार. तुम्ही येईपर्यंत तिन्ही चांगले आवळून ठेवले.’’