वेलांटीमुक्त मराठी

ऱ्हस्व-दीर्घाचा तंटा अखेर मिटला. चेतापेशींच्या जाळ्याचे गणित मांडताना स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात रेग्युलर एक्स्प्रेशन जन्माला घातले, १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते मजकूर शोधायच्या कामी लावले, आणि आता पायथनच्या नेहमीच्या रेगेक्सने मराठीचा निकाल लावला आहे. उलटी तिरकी रेघ, पुढे डब्ल्यू: म्हणजे शब्दात चालणारे चिन्ह. त्यात 'क' बसतो, वेलांटी बसत नाही. काना, मात्रा, अनुस्वार, सगळे बाहेर. 'किशोरी' दिली की क, श, र असे तीन सुटे शब्द हाती येतात. वेलांटी पहिली की दुसरी, हा वादच संपला! वैयाकरणांना इतकी वर्षे हे सुचू नये, याचे नवल वाटते.

अंडरस्कोर आणि आकडे मात्र शब्दाचे सन्माननीय घटक आहेत. तेव्हा बारशाला आत्याबाईंनी पाळण्यावर वाकण्यापूर्वी नाव या साच्यातून काढून घ्यावे. शरद, कमल, मदन यांना अभय आहे. ज्ञानेश्वर आणि मुक्ताबाई यांनी फेरअर्ज करावा. आमच्या सोसायटीतल्या एका दूरदर्शी दांपत्याने तर मुलाचे नाव 'क_७' ठेवले. पहिल्याच फटक्यात मंजूर. वडिलांचे नाव श्रीकांत निघाल्याने बाळाची नोंद तूर्त अनाथ अशी आहे.