चालतंय की!

भोसरीतल्या एका शेडमध्ये जुन्या मशीनसाठी नवे सर्व्हो ड्राइव्ह आले. त्यांचा तोरा खोक्यातून निघतानाच दिसला: बोलू तर इथरकॅट नेटवर्कवर, नाहीतर मौन. पॅनेलमधला कंट्रोलर नव्वदच्या दशकातला. त्याला उणे दहा ते अधिक दहा व्होल्ट एवढंच बोलता येतं. अधिक म्हणजे पुढे, उणे म्हणजे मागे, शून्य म्हणजे थांब. अ‍ॅनालॉग इनपुटचं मॉडेल वेगळं मागवावं लागतं, पण खरेदी विभागाने कोटेशनमधला शेवटचा आकडा तेवढा वाचला होता.

विक्रेता म्हणाला, मध्ये दुभाष्या बसवा. त्याची किंमत ऐकल्यावर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणजे काय ते मालकांना कळलं. ड्राइव्ह बदलून आणले.

कंट्रोलरची सेटिंग्ज बदलायचा लॅपटॉप कपाटात कुलूपबंद, विंडोज ९८ वाला. त्याच्या सीरियल केबलला देवघरातल्या शंखाइतका मान. तीन रात्री जागून मशीन उभं राहिलं.

फक्त शून्य पुरतं शून्य होईना. कुठूनतरी चार-पाच मिलिव्होल्ट उरतात आणि थांबलेलं टेबल गोगलगायीसारखं पुढे सरकतं.

“चालतंय की, साहेब,” ऑपरेटर म्हणाला. तक्रार तीच होती.