चार बोल्टांवरचं घर

ओम्नीच्या पोटात एकही काटकोन नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती निव्वळ खोकं वाटते, पण आत सुतारकाम करायला बसलं की कळतं: पत्रा वर जाता जाता आत झुकतो, खिडकीखाली पोट काढतो आणि मागच्या चाकांपाशी त्याला दोन टेंगळं येतात. गुण्या लावायचा कुठे, हा पहिला प्रश्न. पाणसळीचं दुखणं त्याहून मोठं. घरात फळी ठोकताना बुडबुडा मधोमध आला की काम झालं. गाडीत तो मधोमध आला, तर सोसायटीचं पार्किंग त्या कोपऱ्यात सपाट आहे एवढंच सिद्ध होतं. गाडी हातभर पुढे घ्या, तीच फळी वाकडी. मी बोलावलेल्या सुतारांनी बराच वेळ त्या बुडबुड्याकडे पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, हे तुम्हीच करा. माझं नाव खराब होईल."

तेव्हापासून मीच करतो. मदतीला मेव्हणा असतो, विजेच्या कामातला. सल्ल्याला त्याची बहीण, म्हणजे आमची ही, असते. तिने सल्ला विचारण्याची वाट कधी पाहिलेली नाही.

ओम्नीचं फिरतं घर करायच्या या उद्योगात माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. घराला थांबायचं असतं आणि गाडीला हलायचं असतं. कॅम्पर व्हॅन म्हणजे या दोघांचं जुळवून दिलेलं लग्न. आपण जे जे बसवतो ते घराच्या बाजूचं असतं, म्हणून गाडी ते सैल करते. गाडीच्या सोयीसाठी जे जे सैल सोडतो, त्यावर घर नाराज. सुट्टीच्या दिवशी हातात बारा-तेराचा पाना घेऊन मी जे करतो त्याला दुरुस्ती म्हणणं धाडसाचं आहे. ती मध्यस्थी असते.

तसं बघितलं तर ओम्नी या कामाची नव्हेच. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, लांबी ३,३७० मिलिमीटर. इंजिन पुढच्या सीटच्या खाली, त्यामुळे एप्रिलात चालक आणि शेजारचा दोघेही खालून शेकत जातात. महाबळेश्वरला डिसेंबरात हीच सोय. बाजूचं दार सरकतं, आणि त्या सरकत्या दारामुळे हिंदी सिनेमाने तिला कायमची अपहरणाच्या कामाला जुंपली. शाळकरी मुलांची ने-आण, रुग्णवाहिका, दुधाच्या पिशव्या एवढं सगळं करूनही लोकांना आठवतं ते अपहरणच. लोकमताचं असंच असतं.

आम्ही मागची सीट पुढे दुमडतो आणि त्यावर प्लायवूडच्या तीन फळ्यांचा पलंग जोडतो. दोन माणसं त्यावर तिरकी झोपतात. एकाला कूस बदलायची असेल तर ठराव दोघांनी मिळून करावा लागतो. पलंग कायमचा ठोकून का टाकत नाही, असं लोक विचारतात. त्याला कारण आहे मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावरचा तपशील बदलेल असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही. सीट काढली, आसनसंख्या बदलली, की तो फेरफार झाला. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. त्या दिवशी गाडी कागदावर आहे तशीच दिसायला हवी. म्हणून आमच्या घरातली प्रत्येक वस्तू चार बोल्टांवर उभी आहे, आणि चारही बोल्ट हाताने सुटतात.

ही युक्ती माझी नाही याचं मला वाईट वाटत असे, पण इतकी जुनी आहे म्हटल्यावर बरं वाटलं. फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध गोंडस व्हॅन १९५० साली कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या जर्मन कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. आठवडाभर व्हॅन दुकानाचा माल वाहणार आणि शनिवारी तिच्यात हे सामान चढवलं की घर तयार. सोमवारी सामान खाली, पुन्हा माल वर. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशात सहलीसाठी वेगळी गाडी कोण घेणार? मध्यमवर्गाची अक्कल सगळीकडे एकाच दिशेने चालते.

विजेचं काम मात्र अकलेने होत नाही, त्याला मेव्हणा लागतो. आमच्याकडे वादाला सुरुवात मिक्सरवरून झाली. हिचं म्हणणं साधं होतं: घर म्हणता ना, मग ओल्या नारळाची चटणी झाली पाहिजे. मिक्सर पाचशे वॅटचा. घरी २३० व्होल्टवर तो दोन अँपिअरहून थोडं जास्त ओढतो. गाडीत बॅटरी १२ व्होल्टची; तिथे तेवढंच काम करून घ्यायचं तर, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरून, पन्नासेक अँपिअर लागतात.

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "चटणीला वीज फार लागत नाही. एकदम लागते."

या एका वाक्यात गाडीतल्या विजेचं सगळं शास्त्र आहे. दोन मिनिटं मिक्सर फिरवून बॅटरीतली वीज चिमूटभरच जाते. रात्रभर छोटा पंखा लावला तर त्याच्या कितीतरी पट जाते, पण तो एका वेळी अँपिअर-दीड अँपिअर असा सज्जनपणे घेतो. पन्नास अँपिअर एका दमात वाहायला वायर जाड हवी, जोड घट्ट हवेत आणि अंतर कमी हवं. घरातल्या २३० व्होल्टांपैकी एखादा व्होल्ट वायरीत मुरला तर कुणाला पत्ता लागत नाही. बारापैकी एक मुरला म्हणजे बारावा हिस्सा गेला. दिवा पिवळा पडतो आणि फ्रिज रुसतो. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन घरगुती वायरिंगची वायर स्वस्तात आणणाऱ्याला मेव्हणा आत घेत नाही.

गाडीला बॅटऱ्या दोन. एक इंजिन चालू करायची, दुसरी आमच्या संसाराची. त्यांच्यामध्ये एक रिले असतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोघींना जोडतो आणि अल्टरनेटर दोघींना भरतो. इंजिन बंद झालं, व्होल्टेज उतरलं, की तो त्यांना तोडतो. वेगळे राहणारे भाऊ सणापुरते एका चुलीवर येतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या डब्यांसह परततात, तसला प्रकार. हा रिले नसेल तर रात्रभर पंखा घ्यायचा आणि सकाळी ताम्हिणीत गाडीला धक्का मारायचा. शिवाय साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर शंभर अँपिअर-अवर लिहिलेलं असलं तरी तिला दीर्घायुष्य द्यायचं तर पन्नासच आपले. उरलेले पन्नास नुसते बघायचे.

फ्यूजबद्दल मला विशेष आदर आहे. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. जगभर हेच रंग. बहुतेकांना वाटतं फ्यूज पंख्याला वाचवतो. तो वायरीला वाचवतो, म्हणून तो बॅटरीच्या टोकाजवळ लावायचा. पंख्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते, आणि ती नेमकी प्लायवूडच्या मागून, गादीच्या खालून गेलेली असते. मेव्हण्याने हे समजावलं तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे पेटलं तर आम्ही पेटणार, पंखा नाही." तिचं आकलन नेहमीच नेमकं असतं.

चटणीचा निकाल असा लागला की शेंगदाण्याची कोरडी चटणी घरून करून न्यायची. नारळ हवाच असेल तर खवणी न्यायची. पाटा-वरवंट्याचाही विचार झाला होता, पण गाडीत प्रत्येक किलो मागच्या कमानपाट्यांना कळतो.

आता आवाज. गाडीत चमचा वाजतो, बाटली वाजते, बिजागरी कुरकुरते. या तिघांना मी कापडात गुंडाळून आणि तेल घालून गप्प केलं आहे. नटांनाही शिस्त लावली. साधा नट गाडीच्या थरथरीत हळूहळू उलटा फिरतो, म्हणून जे जोड सोडायचे नसतात तिथे आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट वापरायचे. रविवार पेठेत बोहरी आळीत ते किलोवर मिळतात आणि दुकानदार गरजेपेक्षा दुप्पट घ्यायला लावतो, तेही बरोबर असतं. एवढं करून उरतो तो एक आवाज. तो चाळिसाच्या वेगाला येतो, पंचेचाळिसाला जातो, डाव्या वळणावर बोलतो आणि मेकॅनिकच्या दारात मौन पाळतो.

तो शोधायची एकच रीत आहे: एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागे आडवं पडून फळीला कान लावायचा. दिवसा रहदारीत काही ऐकू येत नाही. म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर मी गाडी काढली आणि ही मागे आडवी झाली. आवाज घुमू नये म्हणून पडदे ओढून घेतले होते. गेटपाशी स्पीडब्रेकरवर मुद्दाम जोरात गाडी नेली, तशी ही आतून ओरडली, "इथेच! इथेच!" वॉचमनकाका नवे होते. त्यांनी सिनेमे पाहिलेले होते. पडदे लावलेली ओम्नी, आतून बाईचा आवाज आणि चालवणारा माणूस घाईत. त्यांनी गेट लावलं, शिट्टी वाजवली आणि दुसऱ्या हाताने सळई उचलली. ही सरकतं दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "काका, जरा थांबा. जॅकचा हुक वाजतोय." खरंच तोच वाजत होता. घराचा त्यात काही संबंध नव्हता, गाडीचं स्वतःचं सामान होतं ते. काकांनी सळई ठेवली, पण माझ्यावर त्यांची नजर अजून असते.

पाण्याचं काय सांगावं! दाराच्या कडेचं रबर कुठल्याही गाडीचं म्हातारं होतंच, आणि आंबा घाटातल्या पावसाला ते बरोबर ओळखू येतं. पाणी एका जागी शिरतं, पत्र्याच्या घडीतून सावकाश फिरतं आणि भलतीकडे उशीवर टपकतं. जिथे ओलं, तिथे सिलिकॉन फासणारा माणूस आयुष्यभर फासत राहतो. आतल्या कडांना टाल्कम पावडर लावून बाहेरून नळी धरायची. पावडरीत ओघळ कुठून सुरू होतो तिथे दोष. आमचा सापडला, भरला, तरी सकाळी पत्रा ओला. मग कळलं की ते पाणी आमचंच. बंद गाडीत रात्रभर घेतलेले दोन माणसांचे श्वास थंड पत्र्यावर थेंब होऊन बसतात. उपाय म्हणजे काच थोडी उघडी ठेवणं. म्हणजे गळती बंद करायला महिना घालवायचा आणि मग हौसेने फट ठेवायची.

कोकणातून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुणं, वर्षातून एकदा अंडरकोटिंग, टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचून आठवडा आणि साल बघणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. ती करावीत, त्यांच्याबद्दल लिहू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, एवढं ध्यानात ठेवून आम्ही शेगडी बाहेरच मांडतो. पोहे उघड्यावरच चांगले लागतात असं मी म्हणतो. पोह्यांना याबद्दल मत नसतं.

या सगळ्या सुधारणांची दिशा गेल्या काही काळात बदलली आहे. आधी आम्ही आत घालत होतो, आता बाहेर काढतो. पायाने चालणारा पंप आणि स्टीलचं छोटं सिंक काढलं, कारण वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, आणि हात धुवायला दार उघडून तांब्या पुरतो. घडीचं टेबल काढलं. भिंतीतली मसाल्याची मांडणी काढली. इन्व्हर्टर तर चटणीबरोबरच गेला होता. गाडीत आता पलंग, पंखा, दिवा आणि एक ट्रंक आहे, आणि ती घाटात पूर्वीपेक्षा हसत चढते. मेव्हणा याला अपग्रेड मानायला तयार नाही.

काढलेलं टाकायचं कुठे? जुन्या बाजारात देण्याइतकं ते जुनं नव्हतं. म्हणून बाल्कनीत बसवलं. सिंक, पायाचा पंप, टेबल, मसाल्याची मांडणी आणि बारा व्होल्टचा दिवा. ही सकाळचा चहा आता तिथेच करते. वीज गेली तरी दिवा लागतो, आणि नारळाची चटणी तिथे दर रविवारी होते, कारण भिंतीत २३० व्होल्टचा प्लग आहे.

परवा सोसायटीचं पत्र आलं. बाल्कनीत विनापरवाना फेरफार केल्याचं निदर्शनास आलं असून सात दिवसांत खुलासा करावा. मी खुलासा लिहून ठेवला आहे. सदर सिंक चार बोल्टांवर बसवलेलं असून चारही बोल्ट हाताने सुटतात. सबब हा फेरफार नसून सामान आहे. हिने वाचून एकच दुरुस्ती सुचवली: "पाहणीला येणार असाल तर रविवारी या, इडल्या असतात," हे खाली टीप म्हणून घाला.