सेटिंगवाले काका

पालघरपासून बोईसरपर्यंतच्या कोणत्याही सोसायटीत चौकशी केली असता, मीटरच्या खोलीची किल्ली आणि शेजाऱ्यांच्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट या दोन वस्तूंवर आपला वतनी हक्क असल्याच्या थाटात वावरणारे एक काका हटकून आढळतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एखाद्या कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात उभी हयात दाबमापकांचे काटे निरखण्यात गेल्यामुळे, कोणतेही यंत्र खोक्यातून निघाले तसे चालू देणे हा त्यांच्या लेखी निव्वळ हलगर्जीपणा असतो.

नव्या होम थिएटरला हळदकुंकू लागण्यापूर्वीच काका दारात हजर होतात.

"वहिनी, आउटपुट बिटस्ट्रीमवर आहे की पीसीएमवर?"

"टेबलावर आहे, भाऊजी."

या उत्तराने काकांच्या मुद्रेवर जी करुणा प्रकटते, ती पाहण्याजोगी असते. मग ते साऱ्या कुटुंबाला समोर बसवून विवेचन करतात की, बिटस्ट्रीम म्हणजे सीलबंद लखोटा. प्लेअरने तो न फोडता अ‍ॅम्प्लिफायरच्या दफ्तरी दाखल करावयाचा. पीसीएममध्ये मात्र प्लेअर स्वतःच लखोटा फोडून मजकूर वाचून दाखवतो. आणि अ‍ॅम्प्लिफायरला लखोट्यातील लिपीच अवगत नसेल तर घरात एक तर स्मशानशांतता पसरते, नाही तर कानठळ्या बसवणारी खरखर. हे विवेचन अक्षरशः खरे असते, हे कबूल केलेच पाहिजे. काकांचा त्रास होतो तो ते चुकतात म्हणून नव्हे.

ऑप्टिकल केबलच्या टोकावरचे इवलेसे टोपण काढून, तळहातावर पडणारा तांबडा ठिपका घरातल्या पोराला दाखवताना ते क्षणभर लहान होतात. लगेच मोजपट्टी निघते. आवाजाला एक मीटर तोडण्यास सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, सबब कोचापासून प्रत्येक स्पीकरचे अंतर मेनूत नमूद झालेच पाहिजे, असा त्यांचा दंडक. मग मागचा एक स्पीकर फ्रिजवर आणि दुसरा देव्हाऱ्याशेजारी, उदबत्तीच्या घराला टेकून का असेना! त्यानंतर टेस्ट टोन. एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने निघणारी ती 'खर्रर्र' काका डोळे मिटून, भैरवी ऐकावी तशा तन्मयतेने ऐकतात आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. तारापूरला 1969 पासून अणुवीज निर्माण होत असली, तरी पंचक्रोशीतील विजेचे येणेजाणे हा निराळाच विषय आहे. वीज परतली की तजवीज पुनश्च पहिल्या कलमापासून.

अखेर चित्रपट लागतो. पाऊस ऐकू येतो, घोडे ऐकू येतात, नायकाचे ओठ हलतात. शब्द मात्र उमटत नाही. काका तत्काळ तहकीकात करतात: मेनूत 5.1 आणि वायरी जोडलेल्या दोनच, तेव्हा संवाद वाहणारा मधला चॅनेल वाऱ्यावर. 'डाउनमिक्स'मध्ये 'स्टिरिओ' हे एवढे एक बटन दाबले की काम फत्ते होते. परंतु ते दाबताना काकांचा चेहरा तहनाम्यावर सही करणाऱ्या सरदारासारखा पडतो. मधला स्पीकर जोडल्याखेरीज त्यांना अन्न गोड लागत नाही.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर ठाण्यापासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा "आता चॅनेल वेगळे झाले," हाच त्यांचा अभिप्राय होता.

अशा या पुरुषाचा पाडाव सहसा एखादी आजीच करते. तिला 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहायचे असते. काका दोन चॅनेलचा आवाज सहा स्पीकरांत वाटण्याच्या खटाटोपात गर्क.

"अहो भाऊ," आजी म्हणते, "लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न जणांची सोंगं काढतात, त्यांना तुमची सहा खोकी कशाला?"

काका निरुत्तर होतात, पण रिमोट सोडत नाहीत.

आताशा एकाच एचडीएमआय केबलीवर टीव्ही आणि साउंडबार परस्परांत सल्लामसलत करून आवाजाचा बंदोबस्त आपला आपण लावतात, म्हणून काकांची सद्दी संपली अशी सोसायटीची समजूत झाली होती. परवा दुसऱ्या मजल्यावर नवा टीव्ही आला. काका सहज म्हणून डोकावले, 'ऑटो' हा शब्द वाचून त्यांनी भुवई उंचावली, मेनूच्या पाचव्या कप्प्यात उतरून तो बंद केला, खाली पीसीएम आणि बिटस्ट्रीम दोघेही सुखरूप असल्याची खात्री करून घेतली आणि वहिनींना सांगितले, "चहा टाका, जरा वेळ लागेल."