पाप्यांतला पहिला नंबर

धान कापून झाले की झाडीपट्टीत दोन तऱ्हेचे मांडव पडतात. एकात वडशाच्या मंडळ्यांची नाटकं रात्रभर रंगतात, दुसऱ्यात ख्रिस्ती मंडळीची सभा भरते. साक्षवाले भाऊजी दुसऱ्या मांडवातले, पण पिंड पहिल्याचा.

"कुणाला साक्ष द्यायची आहे का?" असं पाळकसाहेबांनी विचारायचा अवकाश, भाऊजी माईकपाशी पोचलेले असतात. गळ्यात मफलर, काखेत चेनवाल्या कव्हरातलं बायबल. "मी लय पापी होतो जी," इथून सुरुवात. सभा चंद्रपूरला असो, मूलला असो की पार आलापल्लीला, भाऊजी हजर. दर मंडळीत असा एक तरी असतोच. नाव वेगळं, पापं बहुतेक तीच.

खरं पाहता ह्यांच्या आजोबांनीच बाप्तिस्मा घेतलेला, चांद्याच्या स्कॉटिश मिशनच्या काळात. म्हणजे भाऊजींचं नाव पाळण्यात असतानाच मंडळीच्या रजिस्टरात चढलं होतं. पण ते साक्षीत येत नाही. साक्षीत येतं ते १९९८ साल, जेव्हा प्रभूनं त्यांना चिखलातून उचललं.

आता हा चिखल दरसाल खोल होत गेला. सुरुवातीला त्यात खर्रा होता, पत्ते होते आणि मोहाची दारू 'कधी कधी' होती. पुढं 'कधी कधी' गळालं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, त्यामुळे तिकडच्या सभेत घोटभर दारूही कायदा मोडून प्यालेली ठरते, तिचं वजन आपोआप वाढतं. चंद्रपुरात २०१५ ला बंदी लागली आणि साक्षीला खरा बहर आला. 'प्यायचो'च्या जागी 'आणायचो' आलं: रात्रीची वर्धा नदी, पलीकडून वणीचा माल, मागं पोलिसांची जीप. १९९८ ला सुधारलेल्या माणसानं २०१५ ची बंदी कशी मोडली, हे विचारायला कुणी धजलं नाही. २०२१ मध्ये सरकारनं बंदी उठवली, ते मात्र भाऊजींच्या फार जिव्हारी लागलं. इतक्या मेहनतीचं पाप एका निर्णयात दुकानात मिळायला लागलं!

मग साक्षीत ताडोब्यात मारलेला वाघ आला. पण मागच्या रांगेत एक वनरक्षक बसला होता, त्यानं मान वर केली. वाघाचं तिथल्या तिथं रानडुक्कर झालं आणि चहापर्यंत ससा.

पंचाईत अशी की ज्या शिकवणीवर भाऊजी उभे, ती सांगते की तारण फुकट आहे. कर्माचं भांडवल तिथं चालत नाही. येशूवर विश्वास ठेवावा आणि कृपा पदरात घ्यावी. कुणी फुशारकी मारू नये म्हणूनच हे असं ठेवलंय, असं पौल इफिसकरांच्या पत्रात स्पष्ट लिहितो. भाऊजींना तो अध्याय पाठ आहे. पुण्याची फुशारकी त्यांनी सोडलीच आहे. पापाची मारू नये, असं कुठं लिहिलंय? फक्त तीमथ्याच्या पत्रात पौल स्वतःलाच पाप्यांत मुख्य म्हणवून घेतो, तेवढं भाऊजींना पटत नाही.

एकदा त्यांना नारायण वामन टिळकांची हकीकत सांगितली. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार हाती दिला, वाचता वाचता मन वळलं, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा.

"पेत होते का?"

"नाही."

"मंग?"

"मग काय, अभंग लिहिले, भजनं लिहिली."

भाऊजी हळहळले. एवढा मोठा माणूस आणि साक्षीला काहीच नाही!

कॅथलिकांकडे ते फिरकत नाहीत. चांद्याचा तो धर्मप्रांत १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार फादरांकडे आहे, आणि तिथं पाप फादरच्या कानात सांगायचं, तेही हळू. भाऊजींच्या मते ही पापाची नासाडी. गुड फ्रायडेलाही त्यांची चुळबुळ होते. वधस्तंभावरच्या त्या चोरानं काय चोरलं, कुठं चोरलं, ह्याबद्दल लूकनं एक अक्षर लिहिलेलं नाही. मरता मरता 'आठवण ठेवा' एवढंच त्यानं मागितलं आणि त्याच दिवशी सुखलोकात गेला. इतक्या स्वस्तात?

हसायचं तेवढं हसावं, पण मांडवाच्या कनातीला टेकून बसलेले खरे पिणारे पाळकांचं प्रवचन सुरू झालं की उठून जातात आणि भाऊजींच्या साक्षीला थांबतात. एवढं करून ह्याला घेतलं, तर आपल्यालाही घेतील, असा त्यांचा सरळ हिशेब. ह्यातलाच एखादा पुढं खरंच सुटतो. तो माईकजवळ जात नाही. विचारलं तर म्हणतो, "सुटली जी," आणि सायकल काढतो.

गेल्या सभेत पाळकसाहेबांनी माईक भाऊजींच्या बायकोपुढं धरला. बाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"माझी साक्ष लहान हाय जी. लहानपणापासून प्रभूवर विश्वास हाय, तोच नेईल. बाकी, लग्नाले तीस वर्षं झाली, ह्यायले मोहाचा वास आला तरी मळमळते. ह्यायच्या खोटं बोलण्यासाठी तेवढी प्रार्थना करा."

मांडव हसून लोळला. भाऊजी उठले, बायकोच्या हातून माईक घेतला, डोळे मिटले.

"ऐकलं ना जी? खोटारडाबी होतो मी!"