नामंजूर रकमेचे व्याकरण

मेडिक्लेम असूनही रुग्णालयातून बाहेर पडताना जी रक्कम भरावी लागते, तिला नामंजूर रक्कम म्हणतात. बिलिंग काउंटरवर ती 'नॉन-मेडिकल' असते, विमा कंपनीच्या कागदावर 'नॉन-पेएबल', आणि पेशंटच्या घरात तिला जी नावे आहेत ती छापण्याजोगी नाहीत. भारतात मेडिक्लेम 1986 साली सरकारी विमा कंपन्यांनी आणला. कॅशलेसची सोय पुष्कळ नंतरची. तिच्या नावावर विश्वास ठेवून पाकीट घरी विसरणारे नातेवाईक अजूनही आढळतात. त्यांना एटीएम कुठे आहे ते वॉचमन न विचारता सांगतो.

ही रक्कम डिस्चार्जच्या दिवशी जन्माला येते. सकाळच्या राउंडला डॉक्टर "आज घरी जायला हरकत नाही" म्हणतात. साडेदहाला सलाईनची सुई निघते, पिशव्या भरल्या जातात, उरलेली बिस्किटे शेजारच्या खाटेला दिली जातात आणि कुकर लावायला सांगणारा फोन घरी जातो. त्यानंतर काहीच होत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची मंजुरी कंपनीने तीन तासांत द्यायची असते; तिच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने भागधारकांच्या पैशातून सोसायचा असतो. नियम चांगला आहे. फक्त हे तीन तास डॉक्टरांचे वाक्य पूर्ण झाल्यापासून नव्हे, तर रुग्णालयाची विनंती कंपनीला पोचल्यापासून मोजतात. फाईलला वॉर्डातून विम्याची कागदपत्रे हाताळणाऱ्या टीपीए डेस्कपर्यंतचे दोन मजले उतरायला लागणारा वेळ त्यात धरत नाहीत. कुकरची वाफ केव्हाच जिरलेली असते. संध्याकाळच्या चहाच्या सुमारास मंजुरी येते आणि तिचे बोट धरून कपातीचा कागद येतो.

हा कागद वाचायला वैद्यकापेक्षा व्याकरण जास्त लागते. प्राधिकरणाने अशा खर्चांच्या चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीत 68 वस्तू आहेत; साध्या पॉलिसीत त्यांचे पैसे मिळत नाहीत. दुसरीतल्या 37 वस्तू खोलीभाड्यातच आल्या असे समजायचे, तिसरीतल्या 23 शस्त्रक्रियेच्या आकारात, चौथीतल्या 18 उपचाराच्या खर्चात. मग एखादी वस्तू कुणाच्या खिशाला लागणार हे तिच्या उपयोगावरून नव्हे, तर बिलावर ती कोणत्या नामाने उतरली यावरून ठरते. 'मास्क' पहिल्या यादीत आहे, म्हणून तो पेशंटचा. 'फेस मास्क' दुसऱ्या यादीत, म्हणून तो खोलीचा. 'ऑक्सिजन मास्क' पुन्हा पहिल्या यादीत. तिघेही बसतात नाकातोंडावरच. लघवीच्या बाबतीत याद्यांनी कोशकाराला लाजवील अशी सूक्ष्मता दाखवली आहे: जग पहिल्या यादीत, पिशवी चौथ्या, नमुन्याची बाटलीही चौथ्या, बेडपॅन मात्र दुसऱ्या. पडल्या पडल्या निवड करण्याच्या स्थितीत पेशंट नसतो, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या यादीत कंगवा, सपाता, टूथब्रश आणि यू-डी-कोलोन आहे, यावरून यादी करणाऱ्यांनी मनात कोणते रुग्णालय धरले असावे याचा अंदाज येतो. पण याद्यांचे खरे वैभव अध्यात्मात आहे. पहिल्या यादीत 'तपशील न दिलेले कोणतेही किट' अशी नोंद आहे आणि दुसरीत 'स्पष्टीकरण नसलेला किरकोळ खर्च'. म्हणजे निर्गुणाचेही दोन प्रकार मानले आहेत. निर्गुण किट असेल तर पैसे पेशंटने द्यायचे, निर्गुण किरकोळ असेल तर ते खोलीभाड्यात विलीन झाले.

वादाला सुरुवात इथूनच करायची असते. 'मिसलेनियस 2,400' अशी ओळ बिलात दिसली, की तिचे ब्रेकअप मागायचे. काउंटरवरची मुलगी "हे तुमच्या कंपनीने कापलंय" म्हणते. कंपनीचा हेल्पलाइनवाला "हे हॉस्पिटलने लावलंय सर" म्हणतो. गंमत अशी, की दोघेही खरे बोलत असतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या यादीतली वस्तू रुग्णालयाने वेगळी लावायचीच नसते, त्यामुळे त्या ओळींचे भांडण काउंटरशी करायचे. पहिल्या यादीबद्दल कुणाशीच भांडता येत नाही. अलीकडे कंपन्या याच पहिल्या यादीसाठी 'कन्झ्युमेबल्स'चा रायडर वेगळा हप्ता घेऊन विकतात. जी दारे बंद आहेत त्यांच्या किल्ल्या त्याच दुकानात मिळाव्यात यात नवल नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे असा नियम 2021 पासून आहे. दर्शनी भाग म्हणजे वॉटर कूलरच्या मागची भिंत, असा अर्थही काही ठिकाणी लावलेला दिसतो.

कपातीचा दुसरा मोठा प्रकार नामाचा नसून गणिताचा आहे. शाळेत त्रैराशिक शिकताना 'याचा पुढे उपयोग काय' असे विचारून ज्यांनी छडी खाल्ली, त्यांना उत्तर इथे मिळते. समजा, पॉलिसी 3 लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये आहे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी भरती झालेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी 'जनरलला गलका फार' म्हणून 5,000 ची खोली घेतली. तीन दिवसांचा फरक 6,000, तो देऊ, असा त्यांचा हिशेब असतो. कंपनीचा हिशेब निराळा. तीन हजारांची पात्रता आणि पाच हजारांची खोली, म्हणजे पात्रता 60 टक्के. म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर यांच्या 80,000 रुपयांचेही 60 टक्केच, म्हणजे 48,000 मिळणार. खड्यांना आपण कोणत्या वर्गाच्या खोलीतून आलो आहोत हे ठाऊक नसते, पण कंपनीला असते. सहा हजारांचा फरक अशा रीतीने 38,000 चा होतो. सोफा-कम-बेडचा समावेश असलेला हा महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत महाग गलकामुक्त मुक्काम.

मात्र या त्रैराशिकाला कुंपण आहे, आणि नामंजूर रकमेतला परत मिळण्याजोगा भाग पुष्कळदा त्या कुंपणापाशी पडलेला असतो. औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, असे प्राधिकरणाने 2020 साली सांगितले. अतिदक्षता विभागाच्या आकारालाही नाही. आणि ज्या रुग्णालयात खोली बदलली तरी डॉक्टरांची फी बदलत नाही, तिथे तर मुळीच नाही. वरच्या उदाहरणात औषधांच्या 30,000 मधून कुणी सरसकट 12,000 कापले असतील, तर ते मागून घ्यायचे असतात. न मागणाऱ्याला ते कुणी आणून देत नाही.

नाम आणि गणित यांतून जे निसटते ते विशेषणात सापडते. 'वाजवी व रूढ' खर्चच देऊ, असे कलम पॉलिसीत असते. सर्जनची फी वाजवी असून रूढ नाही, किंवा रूढ असून वाजवी नाही, असे कंपनी कळवू शकते. डेंग्यूच्या पेशंटला 'घरी राहूनही बरे वाटले असते' असे पत्र येते, तेही बरे वाटल्यानंतर. अशा वेळी भरती का केली हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून घेणे हा एकच उपाय आहे, आणि प्लेटलेट्सचा आकडा त्यात हवा.

लेखी तक्रारीला प्रत्येक कुटुंबात एक योग्य माणूस असतो. तो बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला काका किंवा मामा असतो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द हात न थांबवता लिहिणारा, प्रत्येक कागदाची पोच मागणारा आणि निवृत्तीनंतर प्रथमच चेहऱ्यावर तजेला आलेला. तरुण मंडळी समाजमाध्यमावर कंपनीला टॅग करून संतापतात. काका आधी पॉलिसीचे कलम शोधतात. पहिले पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जाते, किंवा प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरून. 2024 पासून दावा नाकारायचा तर कंपनीतल्या समितीची मान्यता लागते. काका पहिल्याच पत्रात त्या मान्यतेची प्रत मागतात, आणि तिथून पुढे कंपनीच्या उत्तरांत 'डिअर कस्टमर'ऐवजी त्यांचे नाव येऊ लागते.

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल. 2011 साली अण्णा हजारे ज्याच्यासाठी उपोषणाला बसले तो लोकपाल निराळा. विम्याचा लोकपाल 1998 च्या नियमांपासून आहे, आणि त्याच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, अर्ज पुरतो. महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचे. फी नाही, वकील चालत नाही, ही अट काकांना विशेष आवडते. 50 लाखांपर्यंतची भरपाई तिथून मिळू शकते. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. 30 दिवसांत पाळला नाही तर दिवसाला 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. तक्रारदाराला निवाडा पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते, पण ती वाट लांबची आहे आणि तिथे तारखा असतात.

औषधांचे 12,000 शेवटी खात्यात जमा होतात. या कामी लागलेल्या झेरॉक्स आणि कुरिअरची बिले काकांनी फाईलला नीट पंच करून ठेवलेली असतात. ती मात्र मागता येत नाहीत. फोटोकॉपी आणि कुरिअर, दोन्ही पहिल्या यादीत आहेत.